इंगळे मॅडम आणि न दिसणारा प्रकाश

डॉ. रत्नमाला इंगळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीत, एम.एस्सी.च्या वर्गात. त्या तेव्हा राज्याबाहेरच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत उच्चशक्ती लेसरच्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि आमच्या विभागानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. प्रचंड शक्तीचा प्रकाश काचेतून जाताना काचच जाळून टाकतो, मग तो वाढवायचा कसा, असा प्रश्न त्यांनी विचारला. मॅडम मूळच्या अकोटच्या. म्हणाल्या, जिनिंगमध्ये कापूस आधी मोकळा करतात, त्याचा पसारा होतो आणि शेवटी प्रेसमध्ये दाबून गाठ बांधतात. प्रकाशाच्या स्पंदाचं, म्हणजे क्षणभराच्या झोताचंही तसंच करायचं. आधी तो ताणून लांब करायचा, म्हणजे त्याची धार बोथट होते. मग त्याची शक्ती वाढवायची. आणि अगदी शेवटी दाबून इवलासा करायचा. त्या एका उदाहरणानं माझा विषय ठरला. पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी रुजू झाले.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर मंडळी त्यांच्या संशोधनाबद्दल माझ्यापेक्षा अधिकारानं लिहितील. तरी त्यांना तो लेसर कशासाठी हवा होता, हे सांगायला हवं. असा प्रकाश अतिशय पातळ पत्र्यावर पडला की पत्र्यातून प्रोटॉन वेगानं सुटतात आणि त्यांनी कर्करोगाची गाठ जाळता येईल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. आज त्यासाठी इमारतीएवढी यंत्रं लागतात. मॅडमच्या आई याच रोगानं गेल्या. उपचारासाठी अकोटहून मुंबईला खेपा घालताना रोगाच्या आधी प्रवासानंच त्यांना संपवलं, असं मॅडम म्हणत. अकोल्याच्या दवाखान्यात एका खोलीत मावेल असं यंत्र व्हावं, हे त्यांच्या डोक्यात होतं. लेसर उभा करण्यात त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं गेली होती.

तो पूर्ण शक्तीनं चालायच्या बेतात असतानाच अपघात झाला.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे येणार होते आणि वरिष्ठांना त्यांच्यासमोर लेसर चालवून दाखवायचा होता. आरसे जुळवायचं काम बाकी होतं. टेबलाभोवतीची झाकणं काढली होती. खोलीचं दार उघडलं की लेसर आपोआप बंद करणारी एक कळ असते. सकाळपासून माणसांची ये-जा चालू असल्यानं काम सारखं अडत होतं, म्हणून ती निकामी करून ठेवली होती. आमच्या लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. एका खास कार्डावर तो पडला की अंधूक ठिपका उमटतो, त्यावरून अंदाज घ्यायचा. संरक्षक चष्म्यातून तो ठिपका दिसेना, म्हणून मी चष्मा कपाळावर सरकवला. आमच्याकडे सगळेच तसं करत. मी वाकले आणि माझ्याच डोळ्याच्या आत काहीतरी फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. दुखलं नाही. उजव्या डोळ्यासमोर तांबडा डाग पसरत गेला, मग तो काळा झाला. कुठल्यातरी काचेच्या मागच्या बाजूवरून परतलेला झोत होता तो.

दृष्टिपटलाचा मधला भाग जळला आहे आणि तो पुन्हा येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मॅडम माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात सोडला नाही.

आठवडाभरात त्या एस.टी.नं अंजनगाव सुर्जीला आमच्या घरी गेल्या. आमचा पानमळा आहे. वडील पानं धुऊन मांडत बसले होते. त्यांनी मॅडमना बसा म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. आईनं मला नंतर सगळं सांगितलं.

"तुमी एवढ्या दुरून कावून आल्या?" वडिलांनी कारण विचारलं.

"चूक आमची हाये, पोरीची नाही. तुमाले तोंडावर सांगाले आली."

"तुमच्या सांगण्यानं तिले दिसन का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

वडील पुन्हा कामाला लागले. मॅडम परतीच्या गाडीनं निघाल्या. वडिलांनी त्यांना मरेपर्यंत क्षमा केली नाही. गौरवग्रंथात असं लिहू नये, असं काहींचं मत पडेल. पण मॅडमनाही ते ठाऊक आहे आणि वडील चुकले असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

मग चौकशी बसली. विद्यार्थिनीनं चष्मा घातला नव्हता, तिचा निष्काळजीपणा, असा निष्कर्ष आधीच ठरलेला होता. मॅडमनी त्याला मान डोलावली तर काम लगेच पुन्हा सुरू होईल, असं त्यांना आडून सुचवण्यात आलं. मीही त्यांना हो म्हणायला सांगितलं. डोळा तर परत येणार नाही, निदान लेसर तरी चालू दे, असं मला मनापासून वाटत होतं. त्या म्हणाल्या, "डोळा परत येणार नाही म्हणूनच खरं सांगायला हवं. त्याच टेबलाशी उद्या दुसरं कुणीतरी उभं राहणार आहे."

समितीपुढे मी हजर होते. मॅडमचा आवाज चढला नाही. "मुलीनं चष्मा वर केला होता हे खरं. पण ती कळ निकामी करायला होकार मी दिला होता. घाई आहे असं मला सांगण्यात आलं आणि मी ऐकलं. निष्काळजीपणा लिहायचाच असेल तर आधी माझा लिहा, मग घाई करणाऱ्यांचा."

निष्कर्ष बदलला नाही. बदललं ते मॅडमचं पद. लेसर दुसऱ्यांच्या हाती गेला, त्यांच्या खोलीची किल्ली काढून घेण्यात आली. त्या अमरावतीला परतल्या आणि एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलांना शिकवू लागल्या.

मलाही त्यांनी परत आणलं. सुरुवातीचे कितीतरी महिने एका डोळ्यानं वाचताना माझं डोकं फुटायची वेळ येई. कॉलेज सुटल्यावर मॅडम माझ्यासमोर बसून शोधनिबंध मोठ्यानं वाचत, आकृत्या शब्दांत सांगत. आरशांवरचा लेप किती प्रकाश सोसतो आणि कधी जळतो, या विषयावर माझा प्रबंध झाला तो असा, ऐकून ऐकून.

पुढे त्या संस्थेत पूर्ण शक्तीचा प्रयोग यशस्वी झाला. निबंध छापून आला, त्यात मॅडमचं नाव आभारातही नव्हतं. त्यांनी तो वर्गात आणला, एकेक आलेख समजावून दिला आणि काम उत्तम झालंय असं सांगितलं. त्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

त्यानंतर काही काळानं त्याच संस्थेत आणखी एका तरुणाचा डोळा गेला. तेव्हा कुठे टेबलं कायमची बंदिस्त झाली आणि दारांच्या त्या कळा कुलपात गेल्या. मॅडमनी चौकशीत बोलून काय मिळवलं, असं मला लोक विचारतात. त्यांचं तेव्हाच ऐकलं असतं तर तो तरुण आज दोन्ही डोळ्यांनी पाहत असता, एवढं मला ठाऊक आहे.

अकोल्याच्या दवाखान्यात मावणारं ते यंत्र अजून झालेलं नाही. जगात कुठल्याच दवाखान्यात झालेलं नाही. आणि गेल्या दोन-तीन वर्षांपासून, ज्यांनी केसाच्या अंतरानं आरसे फिरवले त्या हातांना कंप सुटला आहे. मॅडम आता कप दोन्ही हातांनी धरतात.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी होते. तिवशाची एक विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. तिची त्याच संस्थेत निवड झाली होती. मॅडमसमोर त्या संस्थेचं नाव काढताना ती बिचकत होती. मॅडमनी तिला जवळ बसवलं, तिथल्या नव्या लेसरबद्दल खोदून खोदून विचारलं. तो इतका पुढे गेल्याचा त्यांना खरोखरच आनंद झाला होता. निघताना ती पाया पडली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तिथं तुला सगळं शिकवतील. नाही म्हणायला कुणी शिकवणार नाही. घाई करणारा कितीही मोठा असला तरी त्याला नाही म्हण. मी त्या सकाळी म्हणाले नाही."

हातांचा कंप थांबावा अशी इच्छा या प्रसंगी करावी, तर तो थांबणार नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे; आणि खोटी आशा मॅडमना चालत नाही. म्हणून आम्ही सारे विद्यार्थी एवढंच मागतो, की पुढे वाचेवरही उतरू शकणारं हे दुखणं सावकाश चालावं, मॅडमना पुष्कळ वर्षं मिळावीत आणि शेवटच्या वर्षापर्यंत त्यांची वाचा शाबूत राहावी. अजून पुष्कळ मुलं त्या टेबलांपाशी जायची आहेत.