आप्पाचा अंगठा

"पाकिटं सांभाळा हो सगळ्यांनी."

नवी पेठेच्या मागच्या गल्लीतलं आधारचं सेंटर. काउंटरवरच्या पोरानं आमच्या फॉर्मवरचा पत्ता वाचला आणि रांगेकडं बघून असं बोलला. रांग हसली. मागच्या बाईनं पर्स पोटाशी धरली, माझ्यादेखत. मग त्यानं टेबलावरचा स्वतःचा मोबाइल उचलून खिशात घातला.

आमी काय केलं होतं? काय बी न्हाय. पत्ता लिहिला होता.

आमची वस्ती सोलापुरात सगळ्यांना म्हाईत हाय. इंग्रजानं आमच्या जातीला जन्मापासनं चोर ठरवलं आणि तारेच्या कुंपणात कोंडलं. इंग्रज गेला, तार बी गेली. पत्ता तेवढा ऱ्हायला. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. माझा बाप, आप्पा, जन्मभर बाजारात पोती उचलत आला. आमच्या घरात चोरीचा एक चमचा सापडणार न्हाय. आणि हे मी का सांगतीय? बाकी कुणाला सांगत बसावं लागतं का, आमी चोर न्हाय म्हणून?

आप्पाला हर्निया हाय. पोती उचलून उचलून आतडं खाली उतरलंय. फडकं आवळून बांधतो आणि पोटावर हात दाबून चालतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर ऑपरेशन करा, आतडं अडकलं तर जीवावर बेतेल. सरकारी योजनेत फुकट होतंय, पण आधार कार्ड पायजे. माझं कार्ड शाळेच्या दाखल्यावर निघालं. आप्पा शाळेत गेलाच न्हाय. खोपटात जन्मला, त्याची नोंद कोण करतंय? एक रेशनकार्ड हुतं, जुनं घर पाडलं तवा ते मातीत गेलं.

आमच्या पुढच्या माणसाला तो पोरगा "बसा काका" म्हणाला होता. आप्पाला म्हणाला, "ए, तुझा काय पुरावा?"

आप्पा सरळ मनानं बोलला, "पुरावा कशाला, साहेब? माझं ठसं हायत की सरकारकडं. चौकीत लई येळा घेतल्यात. तितनंच मागवून घ्या."

खरं तेच बोलला. आसपास कुटं बी घरफोडी झाली की पोलीस पहिला आमच्या दारात. आप्पाला उचलायचं, ठसं घ्यायचं, बसवून ठेवायचं, काय सापडलं न्हाय की सोडून द्यायचं. केस एक बी न्हाय. तवा त्याला कुणी पुरावा मागितला न्हाय. तू कोण, तुझा जन्म कुटला, रहिवासी हायस का, एकानं विचारलं न्हाय. अंगठा आण म्हणाले, बास.

रांग परत हसली. पोरगा टेबल बडवून हसला. म्हणाला, "मग तिथूनच चारित्र्याचा दाखला घेऊन ये. त्याशिवाय तुमच्या वस्तीचे फॉर्म मी घेत नाही."

मी विचारलं, "त्या काकांना मागितला का दाखला?"

"त्यांचं वेगळं आहे."

वेगळं म्हंजे पत्ता.

गेलो चौकीत. बापाचा जीव कार्डात अडकला होता, काय करणार. हवालदार आप्पाला बघून खूश झाला. "अरे ये ये! लई दिवसांनी!" आप्पाचं नाव, आज्याचं नाव, आमच्या घराचं मागचं दार कुटल्या बोळात उघडतंय, सगळं त्याला तोंडपाठ.

मी म्हटलं, "साहेब, एवढं ओळखता, तर तेवढंच लिहून द्या की."

"ओळखतो गं. पण लिहून कसं देणार? उद्या यानं काय केलं तर मी अडकायचो."

आणि ड्रॉवरमधनं त्यानं शाईचं पॅड काढलं. "आलाच हायस तर ठसे देऊन जा. नवीन साहेब आलेत. जुनी माणसं परत नोंदवायची हायत."

आप्पानं हात पुढं केला.

कुणी दरडावलं न्हाय, कुणी ओढलं न्हाय. आपणहून. पोटावरचा हात काढला आणि अंगठा पुढं धरला.

लहानपणी आप्पा चौकीतनं घरी आला की त्याच्या कानामागचे केस शाईनं चिकटलेले असायचे. कपड्याला डाग नको म्हणून अंगठा केसाला पुसायचा. मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असंच करतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आप्पाचं मनगट धरलं आणि मागं ओढलं.

"न्हाय द्यायचं."

"काय म्हणालीस?"

"कुटल्या गुन्ह्यात ठसं घेताय ते लिहून द्या. मग घ्या."

आप्पा भ्यायला. "पोरी, देऊन टाकू की. शाईच तर हाय." त्यानं हात सोडवायला बघितला. मी सोडला न्हाय. हवालदार खुर्चीतनं उठला. अंगावर खाकी. असली खाकी मी रोज शिवते. कुटं उसवती, कुटं दुहेरी टाका मारावा लागतो, सगळं मला ठाऊक हाय. आणि या कापडाला माझा बाप जन्मभर भीत आला! लाज वाटली मला, पण आमची न्हाय. यांची.

"लई शिकलीस गं," म्हणाला. लिहून काय दिलं न्हाय. पॅड झाकलं.

तितनं तडक सेंटर. मी त्या पोराला सांगितलं, "दाखला न्हाय. आणणार बी न्हाय. हा माझा बाप हाय, माझ्या शाळेच्या दाखल्यावर याचं नाव हाय. आमच्या वस्तीला चारित्र्य लागतं हे कुटल्या नियमात हाय, ते लिहा आणि सही करा. न्हायतर फॉर्म घ्या."

"ए बाई, तमाशा करू नको."

"करणार."

आणि शटरच्या खालीच बसले. आप्पाला बी भिंतीला टेकवून बसवलं. शटर ओढायची वेळ झाली, आमी उठलो न्हाय. आमच्या डोक्यावर ओढणार होता का? त्यानं कुणाला तरी फोन लावला, "हो सर, हो सर" केलं, आणि तोंड वाकडं करून फॉर्म घेतला.

मशीनच्या काचेवर आप्पानं बोटं टेकवली. तिथं शाई नसती. नुसता उजेड. तरी बी आप्पानं हात उचलला आणि अंगठा केसाला पुसला.

तो पोरगा फसकन हसला. त्यानं मान खाली घालेपर्यंत मी त्याच्या डोळ्यात बघत ऱ्हायले.

कार्ड अजून आलेलं न्हाय. पडताळणी चालू हाय म्हणतात. फडकं पोटाला बांधलेलंच हाय. आप्पा आता पोती उचलत न्हाय, मी जाऊ देत न्हाय. मी खाडा करून सेंटरच्या दारात जाऊन उभी ऱ्हाते, आणि ज्यांना ज्यांना तितनं हाकललं त्या वस्तीतल्या बायांना बी संगं नेते.

परवा चौकीतनं निरोप आला. म्हाताऱ्याचं ठसं ऱ्हायल्यात, पाठवून द्या.

आप्पा उठून चपला घालायला लागला. मी चपला काढून घेतल्या. आणि निरोप्याला सांगितलं, "जाऊन सांग, आप्पा येणार न्हाय. गुन्हा कागदावर लिहून आणा आणि मग या. दारात मी हाय."