रिकाम्या स्टँडमध्ये धरलेली जागा

आमच्या यांना सगळे 'चीफ' म्हणतात. कशाचे चीफ, ते मला विचारू नका. बॅटऱ्यांचं दुकान आहे. जुनी घ्यायची, नवी द्यायची, उतरलेली चार्जिंगला लावायची. ॲसिडच्या थेंबांनी यांचा एकही शर्ट पुढून धड राहिलेला नाही. पण मोटार रेसिंगचा विषय निघू दे, हा माणूस असा काही बोलायला लागतो, की परदेशातले टीमवाले रोज सकाळी यांना विचारूनच आपलं शटर वर करत असावेत.

दुकानाच्या मागेच आमचं घर. मधल्या खोलीत टीव्ही. दर रविवारी तिथे यांची बैठक बसते. एक विमा एजंट, एक गाड्यांना रंग मारणारा, त्याला आम्ही रंगवालाच म्हणतो, आणि एक रिटायर्ड पोस्टमास्तर. रविवारी रेस बघायची आणि सोमवारी सकाळी काउंटरशी उभं राहून, काल जे चौघांनी मिळून बघितलं तेच एकमेकांना पुन्हा सांगायचं. चहा अर्थातच माझा.

"त्या टीमचं काही खरं नाही," असं विमा एजंटने सुरू करायचं. "मालकाचं आणि मॅनेजरचं फाटलंय."

"फाटणारच," रंगवाला म्हणणार. "पुतण्याला गाडीत बसवायचंय ना! चांगल्या ड्रायव्हरचा काटा काढताहेत."

मग यांनी चष्मा कपाळावर सरकवून निकाल द्यायचा. आणि शेवटी पोस्टमास्तरांचं रडगाणं ठरलेलं. "आता बघतंय कोण हो हे? पूर्वी पोरासोरांना ड्रायव्हरांची नावं पाठ असायची. चॅनेलवाल्यांनी वर्गणी लावली आणि खेळाचं वाटोळं केलं." मग चौघंही हळहळणार. चौघं मिळून आमच्या एका वर्गणीवर रेस बघतात, आणि प्रेक्षक कुठे गेले म्हणून उसासे टाकतात! मी बोलले तर म्हणणार, तुला त्यातलं काय कळतं.

नाहीच कळत. ओ का ठो कळत नाही. पण एक गोष्ट ऐकून ऐकून मला पाठ झाली आहे. टीम ऑर्डर. म्हणजे एकाच मालकाच्या दोन गाड्या धावत असतात. पुढची गाडी जिंकत असते, पण मालकाला मागचा लाडका असतो. मग मालक हुकूम सोडतो, वाट दे त्याला. आणि पुढच्याने मुकाट बाजूला व्हायचं. हा विषय निघाला की यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. "मालकाने सांगितलं म्हणून वाट देणारा ड्रायव्हर नव्हे, नोकर! त्याला पाठीचा कणाच नाही!" टीव्हीवरच्या माणसाला हे असे झापतात, की तो बिचारा ऐकत असता तर त्याने धंदा सोडला असता.

आमच्या इथेही रेस होते. होत होती, म्हणायला हवं आता. गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी आहे, तिथे. लोखंडी खांब, त्यावर फळ्या, असा स्टँड. पूर्वी हे दर वेळी जायचे. ठमीला खांद्यावर घेऊन, तिच्या कानात कापसाचे बोळे घालून. ठमी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ठमी. आता काटकुळी झाली, नाव तेच राहिलं. तेव्हा स्टँडमध्ये शिरायला धक्काबुक्की करावी लागे. पोरगी यांच्या डोक्यावरून वाकून वाकून बघायची आणि घरी आल्यावर माझ्या पोळपाटाचं स्टिअरिंग करायची. ते वेड तिच्यात यांनीच घातलं, दुसऱ्या कोणी नाही.

मग टीव्हीवर परदेशातल्या रेस आल्या आणि यांना इथल्या गाड्या भंगार वाटायला लागल्या. जाणं सुटलं ते सुटलंच. ठमी मात्र चिकटून राहिली. इंजिनाचं काम शिकली, एका गॅरेजात लागली. त्या मालकाची स्वतःची टीम होती, दोन गाड्यांची. एक गाडी त्याच्या भाच्याची. दुसरीचा ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा मालकाने ठमीला बसवलं. बाकी कोणी मिळेना म्हणून बसवलं, पण पोरीने गाडी अशी पळवली की तो उतरवूही शकला नाही.

आणि यांनी तिची एकही रेस बघितली नाही. एकही! कधी दुकानात माल यायचा होता, कधी कंबर धरली होती, बहुतेक वेळा टीव्हीवर रेस होती. गिऱ्हाइकांपुढे मात्र शेखी मिरवायची, "आमची मुलगी रेसिंग करते." मी जायचे दर वेळी. पिवळ्या नाकाची गाडी तिची, एवढंच मला ठाऊक. ती समोरून गेली की हात वर करायचा, पुढची फेरी येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं.

या वर्षी ती फायनलला पहिल्या नंबरवर होती. फायनलच्या आदल्या रात्री जेवताना गप्प गप्प. मी खोदून विचारलं तेव्हा बोलली. मालकाने बोलावून सांगितलं होतं. भाच्याला जिंकवायचंय, त्याशिवाय ऑइलवाले पुढच्या वर्षी टीमला पैसे देणार नाहीत, त्यांना भाचाच हवा आहे. शेवटच्या फेरीत तू पुढे असलीस तर वाट द्यायची. नाही दिलीस तर पुढच्या सीझनला गाडी नाही, आणि गॅरेजमध्येही बघावं लागेल.

यांनी हातातला घास ताटात टाकला. "अजिबात द्यायची नाही वाट! समजतो कोण तो स्वतःला?"

"नोकरी जाईल, बाबा."

"जाऊ दे गेली तर. गॅरेजं छप्पन मिळतील." मग हे एकदम तिच्याकडे वळले. "मी येतो उद्या. शेवटच्या वळणासमोर उभा राहतो. माझ्याकडे बघायचं आणि दाबायची गाडी. मग बघू कोण काय करतो ते."

"नक्की याल?"

"चीफचा शब्द आहे."

"तुम्ही असाल तर नाही देणार," ठमी म्हणाली. आणि तिने पुन्हा भाजी मागून घेतली. कितीतरी दिवसांनी पोरगी पोटभर जेवली. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. वाटलं, चला, उशिरा का होईना, या माणसाला लेक दिसली.

रविवारी सकाळी बातमी आली. परदेशातल्या त्या टीममधल्या ड्रायव्हरने पत्रकारांपुढे जाहीर केलं, की आज मालकाचा हुकूम मी मानणार नाही. झालं! मी साडी बदलून बाहेर येते तो तिघंही टीव्हीपुढे हजर, आणि आमचे हे मधोमध.

"तू हो पुढे," मला म्हणाले. "सुरुवात तेवढी बघतो आणि स्कूटर काढतोच. ठमीची फायनल उशिरा आहे, इकडचं तोवर आटपतं."

"अहो, तुम्ही एक दिवस बघितलं नाहीत तर तिकडची रेस थांबणार आहे का?"

"अगं, येतोय म्हटलं ना!"

मी दुकानातल्या त्यांच्या खुर्चीवरची उशी उचलली. फळीवर बसलं की त्यांची कंबर धरते. बसने गेले. शेवटच्या वळणाच्या बरोबर समोर बसले आणि शेजारी उशी ठेवून त्यांची जागा धरली.

तिकीट बघणारा माणूस आला. स्टँडकडे एकदा बघितलं, उशीकडे बघितलं. "बाई, जागा कोणासाठी धरलीत? इथे आडव्या झालात तरी कोणी उठवायचं नाही."

"आमचे हे येताहेत."

"येऊ द्या, येऊ द्या. सोबत चारजण घेऊन आले तर फारच बरं. स्टँड भरला नाही तर कमिटी गाशा गुंडाळणार म्हणताहेत."

स्टँडमध्ये इकडेतिकडे ड्रायव्हरांच्या घरची माणसं तेवढी होती. ज्या फळ्यांवर पूर्वी बूड टेकायला जागा नसायची, त्यांच्यावर पक्ष्यांची शीट वाळलेली. फायनल सुरू झाली. पिवळं नाक पहिल्यापासून पुढे. दर फेरीला वळणावर आली की हेल्मेट क्षणभर स्टँडकडे वळायचं. मी हात वर करायचे. हेल्मेट पुन्हा सरळ व्हायचं.

मी घरी फोन लावला. "अहो, निघालात का?"

"अगं, टीव्हीवरच्या रेसला पाऊस लागला. सुरुवातच थांबवलीय. कुठल्याही क्षणी सुरू होईल, आता उठलो तर नेमकं तेच हुकेल. निघतोच."

मागून रंगवाला ओरडत होता, "चीफ, बघा बघा, गाडीवरचं कापड काढताहेत!"

मी फोन बंद केला. माझ्या तोंडात चांगल्या घरच्या बाईने बोलू नये असे शब्द आले, आणि मी ते बोलले. ऐकायला कोण होतं?

शेवटची फेरी. ठमी पुढे, भाच्याची निळी गाडी तिच्या मागे, पण बऱ्यापैकी मागे. वळणावर पिवळं नाक आलं, हेल्मेट वळलं आणि या वेळी वळलेलंच राहिलं. मी उठून उभी राहिले. काय करावं सुचेना. दोन्ही हातांनी यांची उशी डोक्यावर धरून हलवली. वेड्यासारखी हलवत राहिले. गाडीचा आवाज खाली आला. ती कडेला सरकली. निळी गाडी शेजारून निघून गेली, आणि लाउडस्पीकरवर भाच्याचं नाव पुकारलं.

ठमी गाडी गॅरेजला पोचवायला थांबली. मी घरी आले तर चौघंजण टीव्हीवर पावसात झाकून ठेवलेल्या गाड्या बघत होते. सुरू झालीच नव्हती रेस. शेवटपर्यंत झालीच नाही, रद्द केली. आपली लेक पळत असताना हा माणूस उभ्या गाड्या बघत बसला होता!

"काय झालं गं?" यांनी विचारलं.

"दुसरी आली."

"दुसरी? वा! वाईट नाही," म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. पावसाचा अंदाज सांगत होते ना तिकडे.

ठमी आली, अंघोळ करून झोपली.

सोमवारी सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन दुकानात गेले, तेव्हा पोस्टमास्तर पेपर मोठ्याने वाचत होते. "प्रेक्षकांअभावी धावपट्टीवरच्या शर्यती कायमच्या बंद. कमिटीचा निर्णय."

मला एकदम ठमीची ती सोडलेली वाट आठवली. पुढच्या सीझनसाठी सोडली होती ना! आता कसला सीझन आणि कसली गाडी.

"अरेरे," रंगवाला म्हणाला. "लोकांना आवडच राहिली नाही."

"सगळ्यांना घरबसल्या पाहिजे," विमा एजंट म्हणाला. "उठून जायला नको कोणाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काल तुमच्यापैकी कोण उठून गेलं होतं?"

"वहिनी, काल कसं शक्य होतं? काल एवढी मोठी रेस!" रंगवाला म्हणाला.

"कुठे होती रेस? पावसात गाड्या उभ्या होत्या."

"तेच तर बघण्यासारखं होतं वहिनी. आत काय राजकारण शिजत होतं, तुम्हाला कल्पना नाही."

पोस्टमास्तरांनी पुढे वाचलं. अंतिम शर्यतीत आघाडीवरच्या गाडीने शेवटच्या वळणावर आपल्याच टीमच्या दुसऱ्या गाडीला वाट दिली, असं छापलं होतं. यांनी चष्मा खाली ओढून पेपर हिसकावून घेतला. तेवढ्यात ठमीच आली. गॅरेजच्या कामाच्या कपड्यांत, एका गिऱ्हाइकाची बॅटरी न्यायला.

"वाट दिलीस?" हे तिघांदेखत तिच्यावर कडाडले. "एवढं समजावलं होतं तुला! माझ्या घरात अशी कणा नसलेली पोर निघावी?"

ठमीने काउंटरवरची बॅटरी उचलून बघितली, पुन्हा खाली ठेवली. "मी दर फेरीला स्टँडकडे बघत होते, बाबा."

"अगं, मी निघतच होतो, तिकडे पाऊस... आणि मी असलो काय, नसलो काय, तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

"तत्त्व कोणाला दाखवायचं होतं?" तिचा आवाज जराही चढला नाही. "बघायला कोण होतं?"

यांनी पेपरची घडी घालायला घेतली, ती काही जमेना. बरं झालं, असं मला वाटलं. चांगलं लागलं एकदाचं, असं वाटलं. आणि मग ते वाक्य फिरून माझ्याकडे आलं.

"आणि मी काय मेले होते का गं?" मी म्हणाले. "मी उभी होते ना तिथे!"

ठमीने माझ्याकडे बघितलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"तू काय गं आई," ती म्हणाली. "तू असतेसच."

मायेने म्हणाली. खांद्याला हात लावून म्हणाली. चिडून म्हणाली असती तर भांडले असते. बॅटरी उचलून ती निघून गेली, आणि मी ट्रे धरून तिथेच उभी.

थोड्या वेळाने विमा एजंट खाकरला. "काही म्हणा, तिकीट जरा स्वस्त ठेवायला पाहिजे होतं कमिटीने."

"जाहिरातही केली नाही धड," रंगवाला म्हणाला.

यांनी मान हलवली आणि माझ्याकडे न बघता, चहाच्या कपासाठी हात पुढे केला. तो हात बराच वेळ तसाच राहिला.