टेकडीवरची विहीर

किसन गेल्याचा निरोप सकाळच्या एसटीनं आला. मी आता मलकापूरला राहतो; तिथल्या स्टँडवर ड्रायव्हरनं मला हाक मारली, बाजूला घेतलं आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमचे किसन गुरुजी रात्री गेले.’’ मी त्याच गाडीत बसून उलट गावाकडं निघालो. वाटेत कपाशीच्या गाड्या लागल्या, फाटकाशी थांबावं लागलं, आणि मला उगाच वाटत राहिलं की गाडीला उशीर झाला तर किसन वाट बघेल... या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

आमच्या गावात वय विचारलं की साल कुणी सांगत नाही. कुणी पुरात जन्मलेलं असतं, कुणाचं लग्न गारांच्या साली झालेलं असतं, कुणाची सून दुष्काळात घरी आलेली असते. महाराष्ट्र नवा होता, आम्हीही नवे होतो, तेव्हा किसन आणि मी एकाच दिवशी गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. मी माळ्याचा, आमचा भाजीचा मळा नदीकाठी. त्याचं घरही नदीकाठीच, पण खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात. आई यशोदाबाई आणि तो, एवढंच घर.

पूर आला त्या दुपारी गावात लख्ख ऊन होतं. पाऊस वर डोंगरात झाला होता. शाळा चढावर, रस्त्याला लागून. किसन शिकवता शिकवता थांबला, खिडकीशी गेला, आणि नदीचा आवाज बदलला म्हणाला. पोरं घराकडं पळू लागली तशी त्यानं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. मला म्हणाला, ‘‘माही माय खाली आहे. तू जाय. मले इथून हलता येत नाही.’’

मी धावत गेलो. वस्तीतली माणसं बांधाकडं चढत होती. कुणी कोंबड्या घेतल्या होत्या, कुणी नुसती गोधडी. वाड्यातल्या पोरांनी जाता जाता आमच्या मळ्यातल्या बैलांचे दोर कापले, म्हणून बैल वाचले. यशोदाबाई मात्र शेजारच्या गिरजामायला ओढत आणत होती. म्हातारीला चालवत नव्हतं. मी पोचेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं. मी यशोदाबाईला धरलं, तिनं गिरजामायला. मग मागची भिंत बसली, पाण्याचा लोंढा आला आणि तिच्या हातातून म्हातारीचा हात सुटला... संध्याकाळी शाळेत पोरं ज्याच्या त्याच्या आईबापाच्या हवाली झाली. सगळी होती. यशोदाबाई कोपऱ्यात बसून आपल्या तळहाताकडं बघत होती.

पाणी ओसरलं, सरकारी पत्रे आले आणि वस्ती पुन्हा तिथंच उभी राहू लागली. किसननं तिथं खांब रोवायला नकार दिला. गावाच्या वरच्या अंगाला ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची, पडीक टेकडी होती. तिथं जागा मागायची, असं त्यानं ठरवलं. पंचायतीत विरोध झाला. टेकडीवर गुरं चरतात, हे सांगायचं कारण होतं. बौद्धवाडा आपल्या उशाशी नको, हे न सांगायचं. बोलणाऱ्यांत माझे वडीलही होते. त्यांचं झाल्यावर किसन उठला. आवाज न चढवता म्हणाला, ‘‘आप्पा, पूर आला तवा तुमचे बैल आमच्या पोरायनं सोडवले. आता तुमी आमाले सोडवा.’’ वडिलांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, गुरं काय, पलीकडंही चरतील.

जागा मिळाली, पण वर जायला कुणी तयार होईना. किसननं एकट्यानं खोपट बांधलं. खाली वस्तीतच पत्र्याखाली राहिलेल्या आईला आणायला गेला तेव्हा मी सोबत होतो. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. ‘‘वर पानी कोन वाहीन बे? नदी कधीमधी येते. पानी तं मले रोज लागते.’’

परत येताना मला वाटलं, तो चिडेल. तो चालता चालता म्हणाला, ‘‘माय बराबर बोलते.’’ त्या दिवसापासून त्यानं कुणाला वर चला म्हणणं सोडलं आणि टेकडीवर विहीर खणायला घेतली.

खडक होता. सुटीच्या दिवशी तो, मी आणि वाड्यातले चारदोन जण पहारी घेऊन जायचो. हसणारे हसले. एका साली गारांनी आमचा मळा झोडपला, वस्तीवरचे पत्रे चाळणी झाले, विहीर तशीच राहिली. मग दुष्काळ आला. सगळं गाव खडी फोडायला रस्त्यावर गेलं. तेव्हा किसननं तालुक्याला खेपा घालून ती विहीर दुष्काळी कामात बसवून घेतली. आता सुरुंग लागले. नदी कोरडीठाक पडलेली असताना एका दुपारी खालून कुणीतरी ओरडलं की दगड ओला लागतोय... यशोदाबाई टेकडी चढून आली. गढूळ पाणी निवळू दिलं, ओंजळभर प्याली आणि म्हणाली, ‘‘गोड हाये.’’ दुसऱ्या दिवशी डोक्यावर भांडी घेऊन ती राहायला आली. तिच्यामागून बाया आल्या, आणि बायांमागून घरं.

काही वर्षांनी नदी पुन्हा आली, पहिल्यापेक्षा मोठी. आम्ही सगळे टेकडीच्या कडेला उभे होतो. खाली रिकाम्या जागेवरून पाणी सरळ निघून गेलं. जुन्या कुंपणाच्या काट्या तेवढ्या वाहून गेल्या. यशोदाबाईनं विचारलं, ‘‘गिरजीचं घर कुठं होतं रे?’’ किसननं बोट दाखवलं. ती तिकडं बघत राहिली, आणि तो तिचा हात धरून उभा राहिला.

परवा पुन्हा त्याच्या घरी गेलो. त्याची मुलगी वंदना चहाला उठली. साखरेच्या डब्यासाठी स्टुलावर चढली तेव्हा पाहिलं, पीठ, डाळ, तेल, पोरांची दप्तरंसुद्धा सगळं वरच्या फळीवर, जमिनीवर काहीच नाही. एवढ्या उंचावर पाणी कुठून येणार, असं मी म्हणालो. ती हसली. ‘‘आमी बाबाले हेच म्हनत होतो, काका. ते गेल्यावर एक दिवस मीच डबा खाली ठिवला... झोपच नाही आली. उठून वर ठिवला.’’

चहात साखर घालून तिनं झाकण घट्ट लावलं, पुन्हा स्टुलावर चढून टाचा उंच केल्या आणि डबा परत वर सरकवला.