उताणं पडून पाहायचं चर्च

कॅनडाच्या अख्ख्या अटलांटिक किनाऱ्यावर माझ्या मामेसासऱ्यांइतका कडवा ल्यूथरन ख्रिस्ती सापडायचा नाही, आणि ते रोज सकाळी आंघोळ करून अथर्वशीर्ष म्हणतात. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलेलं नाही. सांगलीच्या एका बँकेतून मॅनेजर म्हणून ते निवृत्त झाले, पाठोपाठ मामी गेल्या, आणि एकुलत्या एका मुलीने त्यांना हॅलिफॅक्सपासून तासाभरावरच्या आपल्या गावी आणलं. गाव मच्छीमारांचं. मामांना पोहता येत नाही, मासे ते खात नाहीत, आणि हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीत बसले की पलीकडचा धक्का येईपर्यंत डोळे मिटून लिंबू हुंगत राहतात. पण गावातल्या लाकडी चर्चबद्दल कुणी वावगा शब्द काढला, की मामांनी बाह्या सरसावल्याच.

देशातून हॅलिफॅक्सला आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला देवमासा पाहायचा असतो. मामा त्यांना चर्चला नेतात. "देवमाशाचं काय, दिसला तर दिसला," ते म्हणतात, "हे हमखास दिसतं." वाटेतच इतिहास सुरू होतो. जर्मन मुलखातले शेतकरी नांगर धरायला म्हणून इथे आले, जमीन निघाली खडकाळ, मग पोटासाठी कोळी झाले. या मंडळींना मामा 'आपले लोक' म्हणतात. आपले लोक समुद्राला भ्याले नाहीत. आपल्या लोकांनी देवाचं घर बांधायला बाहेरून कुणी आणला नाही. हिवाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की होड्यांचेच सुतार कामाला लागायचे. त्यांना बांधता येत होती एकच गोष्ट, म्हणून त्यांनी होडी बांधली आणि चार भिंतींवर पालथी घातली. वर बघावं तर मधोमध कणा, दोन्ही बाजूंना वळलेल्या फासळ्या, आणि फळीला फळी अशी भिडलेली की थेंब आत यायचा नाही. मनोरा उंच, कारण परतणाऱ्या होडीला गावाआधी तो दिसला पाहिजे. "जगात मोठमोठी दगडी चर्चं असतील," मामा बजावतात, "पण उलटं केलं तर तरंगेल असं एक दाखवा." हे सांगताना त्यांची छाती अशी काही फुगते, जणू पहिला खिळा त्यांच्याच आजोबांनी ठोकला असावा.

मात्र हे छत उभ्याने बघायची सोय नाही. मामा प्रत्येकाला बाकावर उताणं झोपायला लावतात. माझ्या ऑफिसच्या साहेबाला त्यांनी टायसकट झोपवलं होतं. नागपूरच्या एका आजींना, नवे गुडघे सांभाळत, आम्ही तिघांनी मिळून आडवं केलं, तर त्या उठायलाच तयार होईनात. मामांची मुलगी मात्र या कार्यक्रमाला कधी आत आली नाही. "बाबा, प्लीज. एव्हरीवन स्टेअर्स. तुम्ही दाखवा, मी ग्रोसरी करून येते," म्हणून ती गाडी काढायची.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर चर्चच्या मंडळाने या छताखाली एक सपाट, नवं छत ठोकायचं जवळजवळ ठरवलं. त्यांचंही चुकत नव्हतं. हिटरची सगळी ऊब वर होडीच्या पोटात जाऊन बसते आणि खाली म्हाताऱ्यांचे पाय गारठतात. येणारी माणसं आता बहुतेक म्हातारीच उरली आहेत. मामांचं जेवणावरून लक्ष उडालं. सभेला मी त्यांच्यासोबत गेलो. मुलगीही आली, बहुधा त्यांना आवरायला. तिथे एका कोळी आजोबांनी अगदी आदराने विचारलं, "तुम्ही आमच्या धर्माचे नाही, समुद्रावर जात नाही. मग या छताचं तुम्हाला एवढं काय?"

मला वाटलं, आता जर्मन मुलूख निघणार. मामा उभे राहिले आणि बँकेच्या पत्रात शोभेल अशा नीटस इंग्रजीत म्हणाले, "माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तुमच्या पायरीवर बर्फावरून घसरून पडलो. आतल्या माणसांनी मला उचलून आणलं, बाकावर झोपवलं, अंगावर कोट घातला. बायको गेल्यापासून मी घरी नुसता छताकडे बघत पडायचो. दिसायचं काहीच नाही. इथे पडलो तेव्हा पहिल्यांदा काहीतरी दिसलं. माणसांनी जीव ओतून केलेलं होतं ते. एवढं झाकू नका."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. पडल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. "सांगितलं असतं तर सांगलीला धाडलं असतंस परत," मामा मराठीत पुटपुटले. ती जाड जॅकेटसकट सगळ्यांसमोर बाकावर उताणी झाली. मग पास्टरबाई आडव्या झाल्या, मग कण्हत कण्हत ते आजोबा, आणि बघता बघता सगळं मंडळ. मामा तेवढे एकटे उभे होते, आणि हे आपले मामेसासरे आहेत याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

छत वाचलं. या हिवाळ्यात सगळे कोट आणि टोप्या घालून प्रार्थनेला बसले. मामा आता थकलेत, पाहुण्यांना इतिहासही थोडक्यात सांगतात. पण रविवारी माणसं पांगली की बापलेक मागच्या दोन बाकांवर बराच वेळ पडून असतात. परवा फोनवर मी तिला विचारलं, "एवढं काय बघता गं तुम्ही दोघं?"

"बघत नाही," ती म्हणाली. "आईबद्दल बोलतो. घरी कधी जमलंच नाही."