कुलपांचा तक्ता

तारीख १८ जानेवारी १९७२, मंगळवार. रक्कम बेचाळीस हजार रुपये, मागितलेली. मंजूर झालेली नव्हे. हजर माणसे पाच: पुण्याहून तपासणीला आलेले साहेब, आमचे गटविकास अधिकारी, घोंगडी विणणारे गावचे सनगर भिवाअण्णा, पंचायत समितीचा हिशेबनीस म्हणून मी आणि तक्तेमास्तर. त्या दिवशी काय झाले ते सांगायचे आहे, पण त्याआधी मास्तर कोण ते सांगितले पाहिजे.

जामखेडच्या कचेरीत त्यांचा हुद्दा सांख्यिकी सहायक असा होता. तो उच्चारायला अवघड, म्हणून सगळा तालुका त्यांना तक्तेमास्तर म्हणे. पूर्वी ते नगरला मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. आणि सायकलच्या दांड्याला कापडावर चिकटवलेले तक्ते गुंडाळून बांधलेले असायचे, म्हणून तक्ते. काळा लाकडी रूळ, निळी शाई, लाल शाई आणि दोन टाक एवढा त्यांचा संसार कचेरीच्या एका खिडकीशी मांडलेला होता. दर नाताळात त्यांच्या घरून आम्हा सर्वांना करंज्या यायच्या. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी असे आणि चिठ्ठीवर करंज्यांची संख्या. कमी निघाल्या तर शिपायाची खैर नसे.

माणूस भेटला की आपण 'कसं काय' म्हणतो, मास्तर 'किती' म्हणायचे. विहिरीवर गेले की रांगेतल्या घागरी मोजत. शाळेत गेले की पटावरची मुले सोडून बसलेली मोजत. एकदा माझ्या घरी जेवायला आले आणि हात धुताना त्यांनी माझ्या बायकोला विचारले, "वहिनी, घरात माणसं किती आणि पाणी किती घागरी लागतं?" ती बिचारी घाबरली. तिला वाटले सरकार आता घागरींवरही कर बसवणार.

त्यांचा सगळा राग सरासरीवर होता. मागास भागांना उद्योगासाठी मदत देण्याची सरकारची योजना तेव्हा नवी होती, आणि मागास कोण हे जिल्ह्याच्या आकड्यावरून ठरे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, कोल्हार-राहुरीकडे, भंडारदऱ्याचे पाणी, कालवे, ऊस आणि साखर कारखाने, दक्षिणेला आम्ही. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की जामखेडही सुखवस्तू निघायचे. मीटिंगमध्ये कोणी साहेब जिल्ह्याचा आकडा वाचू लागला की मास्तर उठून उभे राहत आणि हळूच म्हणत, "कोल्हारच्या पुलावरून जामखेड दिसत नाही, साहेब." साहेब लोक हसत. आकडा तोच राही.

म्हणून त्यांनी स्वतःचा आकडा काढायचे ठरवले. बालाघाटाच्या कडेला, जामखेडपासून चौदा मैलांवर, एक सनगरांचे गाव होते. तिथे घोंगडी विणत. पण हाताने लोकर पिंजून आणि कातून मिळकत पुरेना, म्हणून दिवाळी झाली की तरणी जोडपी ऊसतोडीला कोल्हारकडे, राहुरीकडे निघून जात. मास्तर दर वर्षी दिवाळीनंतर महिन्याने सायकलवर तिथे जात आणि गल्ल्यागल्ल्यांतून फिरून बंद घरे मोजत. तक्त्यात दोन रकाने होते. एक कुलूप लावलेल्या दारांचा. दुसरा, कुलूप घेण्याचीही ऐपत नसलेल्यांचा. ते दाराला बाभळीची काटेरी फांदी आडवी लावून जात. मी एकदा म्हणालो, दोन्ही घरे बंदच, एकाच रकान्यात टाका. ते म्हणाले, "भाऊसाहेब, काट्याला किल्ली नसते. ती दोन घरं सारखी नाहीत."

या गावात एक रीत होती. निघणारी घरे आपल्या किल्ल्या भिवाअण्णाकडे ठेवत. अण्णा साठीचा, गावातला सर्वांत चांगला विणकर. त्याच्या कमरेच्या करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा लटकलेला असे, आणि मागावर बसला की तो मांडीखाली घेऊन बसे. त्यात एक किल्ली त्याच्या थोरल्या मुलाच्या घराची होती. मुलगा आणि सून चार वर्षे ऊसतोडीला जात होती. मुलाचा हात अण्णापेक्षा चांगला, असे अण्णाच सांगे. "त्याचा मागावरचा धोटा आयकून बघा मास्तर, पान्यावानी पळतो," म्हणे. "अन् आता कोयता धरतोय."

तर मास्तरांनी योजना केली ती अशी. गावात एक शेड, पिंजणयंत्र, सूतकताईची साधने आणि तीन मैल विजेची तार. एकूण बेचाळीस हजार. बेरीज मी तपासली होती. जिल्हा मागास यादीत नव्हता, म्हणून खास बाब म्हणून प्रस्ताव गेला, आणि त्याला आधार काय, तर मास्तरांचा कुलपांचा तक्ता. त्या सालचा आकडा एक्केचाळीस. कुलपे एकोणतीस, काटे बारा. तीही बेरीज मी तपासली होती. आठ महिन्यांनी पुण्याहून पत्र आले की तपासणी अधिकारी स्वतः गाव पाहतील; मधल्या दिवाळीनंतरच्या मोजणीतही तेच आकडे निघाले होते. मास्तरांनी ते पत्र खिशात घालून अण्णाकडे धाव घेतली. शेड झाली तर थोरला परत येईल एवढे अण्णाला समजले, आणि तेवढेच समजायला हवे होते.

त्या मंगळवारी मास्तर आणि मी साहेबांच्या जीपच्या तासभर आधी गावात पोचलो. वेशीत शिरताच मास्तरांनी सायकल थांबवली. गल्ली शेणाने सारवलेली, दारोदार रांगोळी, झेंडूची तोरणे. आणि एकही दार बंद नाही. अण्णाने पहाटेपासून जुडगा घेऊन एकोणतीस कुलपे उघडली होती, आणि बारा घरांचे काटे काठीने ओढून गावाबाहेर टाकले होते. रिकाम्या घरांत शेजारच्या म्हाताऱ्या बसवल्या होत्या. चार-दोन चुलींतून धूरही निघत होता. पाहुण्यांना पाण्याची ददात दिसू नये म्हणून बायकांनी तीन दिवस पाणी राखून देवळापुढे भरलेल्या घागरींची ओळ मांडली होती. मास्तरांनी सवयीने त्या मोजल्या. चौतीस.

"अण्णा, हे काय केलंत?" मास्तर म्हणाले.

अण्णाने धुतलेले धोतर नेसून पटका बांधला होता. त्याला प्रश्नच कळेना. "सरकार दारात येतंय मास्तर. त्याला मेलेलं गाव दावायचं व्हय?"

"मेलेलं नाही, रिकामं. तेवढंच तर दाखवायचं होतं. लावा कुलपं परत."

"रांगोळी घातल्याली दारं परत बंद करू? लेकरं तिकडं उसात हायेत माजी, त्यांच्या घराला असलं वंगाळ मी न्हाई करनार." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "आवो, पावन्याला कुलपं दावत्यात का कुटं? चार घास खाऊ घाला, गोड बोला. मानूस खूश झाला तर दोन पैसं जास्तच देईल."

माळावर जीपची धूळ दिसू लागली होती.

साहेब वाईट नव्हते, हे लिहिले पाहिजे. बूट काढून घोंगडीवर बसले, पुरणपोळी खाल्ली, वर तूप घेतले, बायकांना नमस्कार केला. अण्णाने त्यांना आपल्या हातचे काळेभोर जेन, म्हणजे जाड घोंगडे, पांघरायला दिले. चिंचोक्याची खळ दिलेले, घट्ट विणीचे. साहेब त्यावर हात फिरवून म्हणाले, असे तर पुण्यातही मिळत नाही. मग गल्लीतून फेरी निघाली. साहेबांच्या हातात मास्तरांचा तक्ता होता. ते एका दारात डोकावत, म्हातारी हात जोडे, ते पुढे जात. गल्लीच्या टोकाला ते थांबले. योगायोगाने ते अण्णाच्या थोरल्याचे घर होते. दाराच्या कडीवर कुलपाने घासून पडलेला गोल चट्टा मला दिसत होता.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुमच्या तक्त्यात एक्केचाळीस बंद घरं आहेत. मला एक दाखवा."

मास्तरांनी अण्णाकडे पाहिले. एक वाक्य पुरे होते. अण्णा, कमरेचा जुडगा दाखवा, एवढे म्हटले असते तरी काम झाले असते. अण्णाला ते समजले. त्याने धोतराचा सोगा जुडग्यावर ओढून घेतला आणि मास्तरांच्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, पावन्यांपुढं न्हाई. गाव खोटं पडंल."

मी मास्तरांना सहा वर्षे ओळखत होतो. एका घागरीचा फरक असला तरी ते सभापतींना टोकत. त्यांनी रूळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तक्ता चुकला असेल, साहेब," ते म्हणाले.

बेरीज तपासणारा मी शेजारीच उभा होतो. मीही काही बोललो नाही.

परतताना चौदा मैल आम्ही सायकली हाकत होतो. निम्म्या वाटेवर मी म्हणालो, आता तक्त्यात दुरुस्ती करून टाका, नाहीतर ठपका येईल. ते म्हणाले, "साहेबांना चुकला म्हणालो, भाऊसाहेब. कागदाला म्हणालो नाही."

निवडणुका आटोपल्यावर एप्रिलात उत्तर आले. जिल्ह्याचा आकडा राज्याच्या मानाने चांगला आहे. पाहणीत गाव नांदते व समाधानी आढळले. पाण्याची तक्रार नाही. घोंगडीचा धंदा बरा चालतो. बंद घरांची आकडेवारी वस्तुस्थितीशी जुळत नाही. सबब विचार करता येत नाही. मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचले आणि नस्तीला लावले. गावाला सांगायला तेच गेले. अण्णाने ऐकून घेतले आणि विचारले म्हणे, "जेवनात काय कमी पडलं व्हतं का?"

त्याच सुमारास मास्तरांचे प्रवासभत्त्याचे बिल माझ्या टेबलावर आले. त्या गावच्या सात फेऱ्या, फेरीला सहा रुपये ऐंशी पैसे. गटविकास अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले, चुकीच्या तक्त्याचा भत्ता कसा देता? मी नियमाप्रमाणे शेरा मारला: 'काम अमान्य, सबब देय नाही.' मास्तरांनी शेरा वाचला, बिलाची घडी घातली आणि माझ्याकडे चहा मागितला. पुढच्या मार्चला त्यांनी तेच बिल पुन्हा दिले. मी तोच शेरा पुन्हा मारला.

बहात्तर साली पाऊस झालाच नव्हता. दिवाळी गेली, पण ऊसतोडीचे बोलावणे आले नाही; कालव्याखालीही ऊस जळत होता. दुष्काळी कामे निघाली आणि अख्खे गाव रस्त्यावर खडी फोडायला बसले. अण्णाच्या मागाच्या काड्या सरपणात गेल्या. मास्तर ठरल्या वेळी सायकलवर जाऊन आले आणि तक्ता माझ्यापुढे पसरला. दोन्ही रकान्यांत शून्य.

"साहेबांचं खरं झालं बघा," ते म्हणाले. "यंदा एक दार बंद नाही." थोरल्याबद्दल मी विचारले. तो परत आला होता. बापाशेजारी बसून खडी फोडत होता.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये मास्तरांची बदली झाली, तीही कोल्हारच्या बाजूला. निघताना त्यांनी रूळ मला दिला. तक्ते घेऊन गेले. तिथून त्यांचे एक कार्ड आले. पलीकडे उसाच्या फडाजवळ खोपी आहेत, मोजल्या, आपल्या तालुक्याच्या सोळा, असे लिहिले होते. खाली प्रकृतीबद्दल एक ओळ होती, तिच्याकडे मी लक्ष दिले नाही. कावीळ झाली होती. पुढच्या जानेवारीत ते गेले. नगरच्या दफनभूमीत मातीला जाऊन आलो. माणसे किती होती ते मोजावे असे वाटले, पण मोजली नाहीत.

मार्चमध्ये वर्षाचे हिशेब बंद करताना त्यांच्या नस्तीत ते बिल सापडले. या वेळी मी शेरा बदलला. लिहिले: 'दिनांक १८ जानेवारी १९७२ रोजी गावातील एकोणतीस कुलपे तपासणीपूर्वी उघडलेली होती व बारा घरांचे काटे काढलेले होते. हे मला त्याच वेळी माहीत होते. तक्ता बरोबर आहे.' खाली सही केली. नवे गटविकास अधिकारी वाचून म्हणाले, "आता याचा काय उपयोग?" उपयोग नव्हताच. त्यांनी सही केली.

मास्तरांच्या पत्नी नगरहून एस.टी.ने आल्या. पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून सही घेतली. पैसे हातात घेऊन बाईंनी विचारले, हे कशाचे? मी सांगितले, कुलपे मोजल्याचे. त्यांनी ते दोनदा मोजले आणि बरोबर आहेत म्हणाल्या.

बेचाळीस हजारांच्या त्या योजनेपोटी सरकारी तिजोरीतून प्रत्यक्ष गेलेली रक्कम सत्तेचाळीस रुपये साठ पैसे. देणे मास्तरांच्या पत्नीला, रोख. गावाला काही नाही.