काकांचं लॉन

भिलाईत आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांनी अंगणभर लॉन लावलं आहे. काकूंना मात्र पूजेसाठी घरची जास्वंद हवी आहे.

"जास्वंद लावून का करू? सकाळी फिरणारे तोडून नेतात. लॉन कोणी चोरते का?" काका म्हणतात.

"मंग देवाले लॉन वाहू का?"

काल सकाळी काका आमच्याच जास्वंदीची फांदी काठीने वाकवून पिशवी भरत होते. मला पाहून त्यांनी दोन फुलं माझ्या हातावर ठेवली. "घे बेटा, तुमच्याही देवाले होतील." ओशाळलो मीच.

संध्याकाळी मी जास्वंदीची एक फांदी कापून काकूंना दिली. त्यांनी ती लॉनच्या मधोमध खोचली.

"अवं, गवत खराब करून राहिली!" काका ओरडले.

काकूंनी टाचेने माती घट्ट दाबली.