धूर न दिलेल्या टोपल्या

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी धानोऱ्याला शाळेत शिकवत होतो. इंटरनेटबद्दल मला होती ती अर्धवट माहिती, आणि अर्धवट माहितीच्या माणसाला उत्साह फार. जवळच्या खेड्यातल्या एका म्हाताऱ्या बुरडाच्या टोपल्या पाहिल्या आणि मी ठरवून टाकलं, याची वेबसाइट काढायची.

म्हाताऱ्याला एकच मुलगी. ती आणि जावई त्याच्याच हाताखाली तयार झालेले. पण टोपल्यांवर तिघांचं भागेना, म्हणून दरवर्षी दोघं मिरची तोडायला आंध्रात जायची. त्या वर्षी मुलीला दिवस गेले होते. तिला जाऊ द्यायचं नाही, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं.

"भाऊ, तुमचं हे काम जमलं तं पोरगी इथीच राहीन," तो म्हणाला. मी छातीठोकपणे सांगितलं, "जमणार. मजूर न्यायला ठेकेदाराची जीप आली तर परत पाठवा."

मग मी जाणकार माणसं गोळा करायला निघालो. साइट बांधायला नागपूरचा एक इंजिनिअर, इंग्रजी मजकुराला आमच्याच शाळेतले एक सर, आणि फोटोंसाठी चंद्रपूरचा लग्नाचा फोटोग्राफर. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो उजळ करून देण्यात त्याचा हातखंडा होता. कुणी काय करायचं हे मी वहीत आखून दिलं. त्या वहीचा मला केवढा अभिमान होता! बुरडाचं नाव तिच्यात कुठेच नव्हतं. त्याला फक्त फोटोला बसवलं.

म्हाताऱ्याची रीत अशी की बांबूच्या पट्ट्या चुलीच्या वर टांगायच्या आणि कित्येक दिवस धूर खाऊ द्यायच्या. टोपली काळपट तपकिरी व्हायची. फोटोग्राफर म्हणाला, "सर, काळी काऊन दाखवता? गोरी करून देतो." कम्प्युटरवर त्याने टोपल्या अशा उजळवल्या की पिवळ्याधमक दिसायला लागल्या. मलाही त्या आवडल्या, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर साइट पाहून पुण्याच्या एका दुकानदाराची मागणी आली. नमुन्याच्या दोन टोपल्या पाठवल्या तर त्याचं उत्तर आलं, या जुन्या दिसतात, फोटोतल्यासारख्या हव्यात. मी सायकल मारत म्हाताऱ्याकडे गेलो आणि सांगितलं, या खेपेला धूर देऊ नका.

म्हातारा म्हणाला, "धूर नाई देला तं कीड लागते, भाऊ."

"तिकडे दुकानात कुठली आली कीड?" मी चिडून म्हटलं. मला, मास्तराला, कीड शिकवतो! मुलगी कोपऱ्यात पट्ट्या तासत होती, तिचा हात थांबला. म्हातारा आणखी काही बोलला नाही. शिकलेल्या माणसापुढे गप्प बसायची त्याची सवय मी होकार म्हणून धरली.

जीप आली, रिकामी परत गेली. तिघांनी वाकून वाकून टोपल्या केल्या. मी त्या नीट बांधून पुण्याला पाठवल्या, आणि महिन्याभरात सगळ्या परत आल्या. गठ्ठा सोडला तर आतून पिवळा भुगा सांडला. टोपली हातात धरली की बोटं आरपार जात होती.

तोवर मिरचीचा हंगाम सरला होता. मुलगी आणि जावई हैदराबादला बांधकामावर गेली. तिला सातवा महिना लागला होता. आणखी दोन महिन्यांनी जावई एकटाच परत आला, तेव्हा मी शाळेत होतो. मला शिपायाने सांगितलं. बाळही नव्हतं, तीही नव्हती.

तेराव्यानंतर मी धीर करून म्हाताऱ्याकडे गेलो. चूक माझी होती, हे म्हणायचं पाठ करून गेलो होतो आणि म्हटलंही. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्या मी खाल्ल्या असत्या.

त्याने मला बसायला पोतं अंथरलं. मग म्हणाला, "त्या दिवशी तुमी गेल्यावर पोरगी म्हणे, बा, भाऊचं आयकू नोको, धूर दे. मीनंच तिले गप बसवलं. म्हटलं, भाऊले आपल्यापेक्षा जास्त समजते."